व्हिक्टोरियाकालीन औद्योगिक वास्तूंचे चित्रण
राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत (१८३७–१९०१) उभारलेल्या आणि पुढे ओस पडलेल्या गिरण्या, गोदामे व धुराडी पाडली जाण्यापूर्वी चित्रबद्ध करण्याचा प्रघात मुख्यतः ब्रिटनमध्ये आढळतो. काजळीने काळवंडलेली वीट, छपराच्या फुटक्या काचा, बंद फाटक अशा नकाशात न येणाऱ्या गोष्टी चित्रात टिकतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केनेथ क्लार्क यांच्या पुढाकाराने ‘रेकॉर्डिंग ब्रिटन’ ही योजना राबवली गेली. तिच्यातील १,५०० हून अधिक जलरंगचित्रे व रेखाटने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मात्र तिचा भर खेडी, चर्च व जुनी घरे यांवर राहिला. कारखान्याला वारसा मानण्याची दृष्टी तेव्हा फारशी रुजली नव्हती.

एल. एस. लॉरी (१८८७–१९७६) यांनी सॅल्फर्ड परिसरातील गिरण्या अनेक दशके रंगवल्या. भाडेवसुलीच्या नोकरीमुळे तेथील गल्ल्या त्यांनी पायी पालथ्या घातल्या होत्या. तरीही त्यांची बरीच चित्रे पाहिलेल्या आणि कल्पिलेल्या वास्तूंची सरमिसळ आहेत. नष्ट झालेल्या एखाद्या इमारतीचा पुरावा म्हणून ती जपूनच वापरावी लागतात.

मुंबईतील पहिल्या कापडगिरण्याही याच कालखंडातल्या. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचे पालटलेले रूप सुधीर पटवर्धन यांच्या ‘लोअर परळ’ (२००१) या चित्रात दिसते.