आधी चर्च की आधी बायबल? महाराष्ट्रात सापडतात दोन्ही उत्तरं

चर्चमुळे बायबल आलं की बायबलमुळे चर्च? ख्रिस्ती जगातला हा वाद शतकानुशतकं सुरू आहे. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातही तो दिसतो.

वाद नेमका काय आहे?

येशूने स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाही. नव्या करारातली पुस्तकं त्याच्या अनुयायांनी नंतर लिहिली. त्यातल्या 27 पुस्तकांची आजची यादी इ.स. 367 मध्ये बिशप अथनेशियस यांच्या पत्रात दिसते. म्हणून कॅथलिक ग्रंथाच्या जोडीला चर्चची अखंड परंपराही प्रमाण मानतात. प्रोटेस्टंटांच्या मते चर्च चुकू शकतं, अंतिम शब्द ग्रंथाचाच. कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66.

वसई: परंपरेच्या आधारावर

1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, पण इथला कॅथलिक समाज टिकला. तेव्हा मराठी बायबल नव्हतंच. फादर स्टीफन्स यांचं 1616 चं 'क्रिस्तपुराण' होतं, पण ते ओवीबद्ध कथन, बायबलचा अनुवाद नव्हे. मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. ती लोकभाषेत आली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962-65).

केडगाव: ग्रंथ घराघरात

प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी मात्र आधी अनुवाद हाती घेतला. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूर (बंगाल) मिशनने 1811 मध्ये मराठी नवा करार छापला.

पुढे पंडिता रमाबाईंना उपलब्ध अनुवादाची भाषा कठीण वाटली. मुक्ती मिशनमधल्या साध्या बायकांना कळेल असं बायबल त्यांना हवं होतं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. राजगुरुनगर, चाकण ज्या पुणे जिल्ह्यात येतात, त्याच जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यातल्या केडगावात हे काम झालं. छपाईही मिशनमधल्या स्त्रियांनीच केली. 1922 मध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झालं.

आणि आता?

वसईचेच कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' 2010 मध्ये आलं. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. प्रमाण काय, यावर दोन्ही पंथांचे मतभेद आजही आहेत. पण बायबल वाचणाऱ्याच्या मराठीत असावं, यावर रमाबाई आणि दिब्रिटो यांचं एकमत दिसतं.