डोळ्याच्या तळाशी

कृष्णाकाठी डोळ्यांची गोष्ट निघाली, की मिरजेचे नाव यायचेच. डॉ. विल्यम वॉनलेस हे कॅनेडियन मिशनरी १८८९ साली प्रथम सांगलीस आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. मोतीबिंदूसाठी दूरदूरचे रोगी तेथे येत. गढूळ झालेले भिंग काढले, जाड काचांचा चष्मा लावला, की हात धरून आणलेला म्हातारा नातवंडांची तोंडे पाहत घरी परते.

मधुमेहात मोतीबिंदूही लवकर होतो. पण त्याचा खरा घात भिंगामागच्या पडद्यावर, आणि तेथे गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही.

रोग आपल्याला जुनाच ओळखीचा. सुश्रुताने प्रमेही दोन तऱ्हेचे सांगितले: जन्मतः दोष घेऊन आलेला कृश, आणि अपथ्याने झालेला स्थूल, खादाड, बिछान्यावर लोळणारा. (फराळाचे ताट पुढ्यात असताना हे वर्णन जरा झोंबतेच!) पण जिवंत डोळ्याचा तळ त्याला दिसणे शक्य नव्हते. हेल्महोल्ट्झने १८५१ साली आपले नेत्रदर्शक यंत्र प्रसिद्ध केले, आणि पाचसहा वर्षांच्या आत व्हिएन्नाच्या येगरने मधुमेह्याच्या नेत्रपटलावरचे डाग नोंदवले.

तरीही वैद्यकाला या विकाराची व्याप्ती कळली ती इन्सुलिननंतर. वॉनलेस यांच्याच कॅनडात, टोरांटोला, १९२२ साली ते प्रथम रोग्याला टोचले गेले. मरणाच्या दारातली मुले जगली. आणि वीसपंचवीस वर्षे जगलेल्यांच्या डोळ्यांतून ही नवी आपत्ती डोकावू लागली.

घडते ते असे. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली, की केसाहून बारीक वाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरतात. दुबळ्या भिंतींना मोहरीहून कितीतरी लहान फुगे येतात. त्यांतून पाणी, चरबी, रक्त झिरपते. काही वाहिन्या बुजतात. उपाशी पडलेला पडदा मग नव्या वाहिन्या उगवतो. पण त्या इतक्या ठिसूळ, की एखादे दिवशी फुटून डोळा आतून रक्ताने भरतो. लठ्ठपणा रक्तदाब नि चरबी वाढवून या नासाडीला हातभार लावतो. लठ्ठ माणसांच्या नेत्रपटलातील नीला तर मधुमेह नसतानाही किंचित रुंदावलेल्या आढळतात.

आणि या साऱ्यात दुखत काहीच नाही! पंचांग वाचता येते, सुईत दोरा ओवता येतो, तेव्हाही तळाशी फुगे धरलेले असू शकतात. लेसरचे किरण आणि डोळ्यातली इंजेक्शने बहुधा उरलेली नजर राखतात. म्हणून प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहात निदान होताच, आणि पुढे साधारण दरवर्षी, बाहुली मोठी करणारे थेंब घालून डॉक्टर तळ न्याहाळतात. थेंबांनी दोनचार तास अंधुक दिसते, एवढीच काय ती तोशीस.