इदम्

मनोविश्लेषणातील एक संकल्पना. जन्मजात सहजप्रेरणांचा साठा असलेला, सर्वस्वी अबोध असा मनाचा भाग. सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांनी १९२३ मध्ये इदम्, अहम् (वास्तवाशी जुळवून घेणारा भाग) आणि पराहम् (नैतिक निर्बंध घालणारा भाग) अशी मनाची रचना मांडली. मूळ जर्मन संज्ञा त्यांनी गेओर्ग ग्रोडेक या डॉक्टरकडून घेतली.

इदम् म्हणजेच अबोध मन, असे सर्रास समजले जाते. ते बरोबर नाही. दडपलेली इच्छा वर येऊ नये म्हणून रुग्णाचा अहम् विरोध करतो, आणि या विरोधाचा रुग्णाला स्वतःलाच पत्ता नसतो. म्हणजे अहम्चाही काही भाग अबोधच. बोध-अबोध ही जुनी वाटणी इथे अपुरी पडली, म्हणून नवी मांडणी करावी लागली.

इदम्चा कारभार सुखतत्त्वावर चालतो. ताण निर्माण झाला की त्याचा तिथल्या तिथे निचरा हवा. काळाची, नकाराची किंवा विसंगतीची तिथे दखल नाही. परस्परविरोधी इच्छा शेजारी शेजारी नांदतात आणि बालपणीची इच्छा म्हातारपणीही ताजीच असते. हवी ती वस्तू मिळाली नाही, तर तिच्या प्रतिमेवर भागवले जाते. फ्रॉइड यांनी आपल्या स्वप्नविषयक ग्रंथात धाकट्या मुलीचा, अ‍ॅनाचा, दाखला दिला आहे. ती तेव्हा १९ महिन्यांची होती. सकाळी उलटी झाल्यामुळे तिला दिवसभर उपाशी ठेवले होते. स्ट्रॉबेरी बाधली, असे दाईचे म्हणणे. रात्री झोपेत तिने आधी स्वतःचे नाव घेतले आणि मग खाण्याच्या जिनसांची यादीच सुरू केली. तीत स्ट्रॉबेरी एक नव्हे, दोन प्रकारची! ही नोंद इदम्च्या मांडणीआधीची असली, तरी सुखतत्त्व समजायला याहून बोलका दाखला सापडणे कठीण.

इदम्मध्ये जीवनप्रेरणेबरोबर मृत्युप्रेरणाही असते, हे फ्रॉइड यांचे मत त्यांच्या अनेक अनुयायांनाही पटले नाही. इदम् अबोध असते, याच्या उलटाच दावा मनोविश्लेषक मार्क सोल्म्स यांनी २०१३ मध्ये केला: भावना मेंदूच्या खोलवरच्या भागात जाणिवेसह उपजतात, तेव्हा इदम् हेच जाणीवयुक्त आहे.

भारतात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. प्रत्येक इच्छेला तिची विरुद्ध इच्छा जोडलेली असते, हा त्यांचा स्वतंत्र सिद्धान्त. त्यावर त्यांचा फ्रॉइड यांच्याशी पत्रव्यवहारही झाला.

मराठीत इदम्ची कल्पना दवाखान्यापेक्षा साहित्यातून अधिक रुळली. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) या संज्ञाप्रवाही कादंबरीत मनाची सुटी, अनावर साखळी कथनाचाच भाग झाली. पुढे समीक्षेत मात्र हिंसा किंवा वासना दिसली की ती इदम्च्या नावावर खपवण्याची सवय लागली. विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’ या नाटकाचे कोडे अशा स्पष्टीकरणाने सुटत नाही. त्यातली भावंडे बापाकडचा पैसा काढून घेण्यासाठी बेत आखतात, त्याला कोंडीत पकडतात. राग, हाव हे इदम्चे असेल. बेत आणि वेळ साधणे ही कामे अहम्ची आहेत.