पणाला लावलेले शब्द

दिवाळीच्या पाडव्याला शास्त्रकारांनी आणखी एक नाव देऊन ठेवले आहे: द्यूतप्रतिपदा. या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळले आणि पार्वती जिंकली, अशी कथा आहे. म्हणून या दिवशी जो जिंकेल त्याचे वर्ष सुखाचे जाईल, असे मानीत. ओवाळणीचा पाडवा सर्वांच्या ध्यानात राहिला. हा दुसरा पाडवा कुठे कुठे दार लोटून पाळला जातो, इतकेच.

जुन्या नाशकातल्या आमच्या घरात तो पाळीत नाहीत. माझे चुलते अण्णा तीनपत्तीच्या नादी लागले आणि गोदाकाठची तीन बिघे बागाईत एका हिवाळ्यात गेली. त्याच आठवड्यात काकूंनी पत्त्यांचा कॅट उचलून पाणी तापवायच्या बंबात घातला. अण्णांना जाऊनही आता पुष्कळ वर्षे झाली, पण त्या घरात पुन्हा पत्ता दिसला नाही. आणि गेल्या पाडव्याला पुण्याहून आलेल्या पुतण्याने फराळ आटोपताच खिशातून नवा कोरा कॅट काढला!

“काका, पोकर शिकवतो तुम्हाला. शब्द कळले की खेळ कळला.”

मी काकूंकडे पाहिले. त्या फुलवाती वळीत बसल्या होत्या. “पैसे लावणार?” त्यांनी विचारले. “छे, चिंचोके!” पुतण्या म्हणाला. “मग बसा,” म्हणाल्या, आणि पुन्हा वाती वळू लागल्या.

शिकवणी सुरू झाली. प्रत्येकाला दोन पत्ते पालथे वाटायचे. मग मध्ये सर्वांच्या मालकीचे पाच उताणे मांडायचे: आधी तीन, तो ‘फ्लॉप’, चौथा ‘टर्न’, पाचवा ‘रिव्हर’. या सातांतून ज्याचे पाच सरस, त्याची मधली रास. राशीला म्हणायचे ‘पॉट’. दुसऱ्याने लावले तेवढेच आपण लावले तर ‘कॉल’, वाढवले तर ‘रेझ’, कोणी काही लावले नसता आपणही न लावता डाव पुढे सोडला तर ‘चेक’. हातात काही नसताना असल्याचा आव आणला तर ‘ब्लफ’. त्याला आपल्याकडे हूल देणे म्हणतात, मी म्हणालो. पत्ते वाटण्यापूर्वीच दोघांनी सक्तीने लावायचा तो ‘ब्लाइंड’.

या शब्दाशी मी थबकलो. लहानपणी अण्णांच्या पाठीमागे उभा राहून मी हा शब्द ऐकला होता. तीनपत्तीतही सुरुवातीला सर्वांनी ‘बूट’ टाकायचा आणि पुढे पत्ते न पाहता खेळला तर ‘ब्लाइंड’, पाहून खेळला तर ‘चाल’. अण्णांना ब्लाइंड खेळण्याची मोठी हौस. महाभारतातले द्यूतही आंधळ्याच्याच दरबारात झाले, असे आजोबा तेव्हा कडवटपणे म्हणत.

हे दोन खेळ दूरचे भाऊबंद आहेत. तीनपत्ती ही इंग्रजांच्या ‘ब्रॅग’ नावाच्या खेळाची आपल्या मातीत रुजलेली फांदी. त्या ब्रॅगवर एडमंड हॉइल या इंग्रजाने १७५१ साली पुस्तिका लिहिली होती. पोकर वाढला अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, न्यू ऑर्लिन्स शहरात आणि मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींवर. तेव्हा तो वीसच पत्त्यांचा होता. बावन्न पत्ते मागाहून आले.

आपल्याकडे त्याही आधी गंजिफा होता. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या ठठ्ठ्याच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफा शहाण्णव पत्त्यांचा. आपल्या नाशिकला मोगल गुलशनाबाद म्हणत, तेव्हाचे त्यांचे पत्ते हेच. पुढे त्याला आपले रूप मिळाले: दशावतारी गंजिफा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा, एकूण एकशेवीस गोल पत्ते. सावंतवाडीचे चितारी ते हाताने रंगवीत आले. दिवसा डाव रामाने सुरू व्हायचा, रात्री कृष्णाने.

मुळाशी जावे तर पत्त्यांच्याही आधी फासे होते. कृत, त्रेता, द्वापर आणि कली ही प्राचीन फाशांच्या दानांचीही नावे, तीच युगांची. संस्कृतात ‘पण’ म्हणजे डावावर लावलेली वस्तू. युधिष्ठिराने राज्य, भाऊ आणि द्रौपदी पणाला लावली. आज आपण प्रतिष्ठा पणाला लावतो. हुकमाचा एक्का, फासे उलटे पडणे, डाव साधणे हे शब्द तर कधी पत्ता हातात न धरलेली माणसेही वापरतात.

इतक्यात आमचे भांडण जुंपले. मी लागोपाठचे पत्ते दाखवून रास ओढू लागलो, तो पुतण्याने एका रंगाचे पाच मांडले. तीनपत्तीत रंगापेक्षा रांग मोठी, पोकरमध्ये उलटे. त्याने हिशेबच मांडला. तीन पत्त्यांचे हात होतात २२,१००. त्यांत नुसता रंग १,०९६ वेळा, नुसती रांग ७२० वेळा. पाच पत्त्यांत रंग ५,१०८ वेळा आणि रांग १०,२०० वेळा. जे दुर्मिळ ते मोठे. मी निमूटपणे चिंचोके सोडले. अण्णांना असा हिशेब कोणी मांडून दाखवला नव्हता. मांडला असता तरी त्यांनी ऐकला असता, असे मात्र मला वाटत नाही.

जुगाराविरुद्ध मुंबई इलाख्यात १८८७ साली कायदा झाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला. दोन्हींच्या मध्ये आमची तीन बिघे गेली.

चिंचोके संपत आले तेव्हा काकूंनी वाती बाजूला ठेवल्या. इतका वेळ त्या ऐकत होत्या, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते.

“काय रे,” त्यांनी पुतण्याला विचारले, “हातातले पत्ते टाकून द्यायचे, लावले तेवढे गेले म्हणायचे आणि गप्प बसायचे, त्याला काय म्हणतात?”

“फोल्ड, आजी.”

“आणि यांच्या खेळात?”

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. “पॅक,” मी म्हणालो.

काकूंनी तो शब्द एकदा मनाशी म्हणून पाहिला.

“एवढासाच?” त्या म्हणाल्या. “मला वाटले होते, फार अवघड शब्द असेल.”

त्यांनी सांडलेले चिंचोके गोळा करून डब्यात भरले. पत्त्यांचा कॅट उचलला, क्षणभर हातात धरला, आणि पुतण्याच्या हातात परत दिला.