एएमटी गाडीत क्लच असतो का? धायरीच्या चढावर तो लवकर का जातो?

संध्याकाळी सातला धायरी फाट्यावरून गाडी काढायची म्हणजे क्लच, पहिला गिअर, ब्रेक आणि परत क्लच. घरी पोहोचेपर्यंत डावा पाय भरून येतो. म्हणूनच सिंहगड रोड पट्ट्यात छोटी गाडी घेणाऱ्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं, "आता ऑटोमॅटिकच घ्यायची."

बजेट कमी असेल तर हे ऑटोमॅटिक बहुतेक वेळा एएमटी असतं. आणि याच गाड्यांबद्दल मालकांची दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक जण म्हणतो, इतकी वर्षं झाली, काही त्रास नाही. दुसरा म्हणतो, गाडी झटके देते, चढावर मागे येते आणि क्लचही लवकर गेला.

गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. गाडी कुठल्या रस्त्यावर आणि कशी चालवली, त्यावर सगळा फरक पडतो.

एएमटी आली कुठून?

फेब्रुवारी २०१४. मारुतीने ऑटो एक्स्पोमध्ये सेलेरिओ आणली आणि एएमटी पहिल्यांदा भारतातल्या सर्वसामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली. त्याआधी झेन, ए-स्टार, आय-१० अशा छोट्या गाड्या ऑटोमॅटिकमध्ये मिळायच्या, पण त्या महाग होत्या आणि पेट्रोलही जास्त प्यायच्या. सेलेरिओने हे गणित बदललं. मॅन्युअल आणि एएमटी, दोन्हींसाठी कंपनीने सांगितलेलं मायलेज एकच होतं, लिटरला २३.१ किलोमीटर.

मग बाकीचेही आले. २०१५ मध्ये टाटांनी नॅनोला एएमटी दिली, २०१६ मध्ये रेनोची क्विड आली, २०१७ मध्ये टियागो. नॅनोला मात्र याचा फारसा उपयोग झाला नाही, २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पण 'स्वस्तातली ऑटोमॅटिक' ही कल्पना टिकली.

स्वस्त का पडते?

कारण आतला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो. तेच गिअर, तीच क्लच प्लेट. फरक इतकाच की क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्याऐवजी एक यंत्रणा करते. तिला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. कधी काय करायचं, हे त्याला एक छोटा संगणक सांगतो.

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गाडीत इंजिनची ताकद तेलामार्फत पुढे जाते, त्यामुळे कमी वेगाला घासणारी क्लच प्लेट तिथे मध्ये नसते. एएमटीत ती असते. क्लचचं पेडल गेलं, क्लच गेला नाही. बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच आहे.

मग तक्रारी का येतात?

पहिली तक्रार झटक्याची. गिअर बदलताना क्लच सुटतो आणि क्षणभर इंजिनची ताकद चाकांपर्यंत जात नाही. मॅन्युअल चालवताना आपण नकळत अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, एएमटीत मात्र तो दाबूनच धरतो. म्हणून गाडी मान हलवल्यासारखी करते. गिअर बदलायच्या वेळी पाय जरा हलका केला की झटका बराच कमी होतो.

दुसरी, चढावर मागे येण्याची. डीएसके विश्वच्या चढावर गाडी थांबली आणि ब्रेक सोडला, तर क्लच पकडेपर्यंत ती मागे सरकू शकते. २०२१ च्या नव्या सेलेरिओसह अलीकडच्या काही एएमटी गाड्यांत हिल होल्ड असतो, तो ब्रेक काही क्षण धरून ठेवतो. जुन्या गाडीत हँडब्रेक ओढायचा, अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा आणि गाडीने ओढ घेतली की हँडब्रेक सोडायचा.

तिसरी तक्रार सगळ्यात खर्चिक, क्लच लवकर जाण्याची. चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की क्लच सतत घासतो आणि तापतो. ट्रॅफिकमध्ये गाडी इंच-इंच पुढे सरकवली तरी तेच. त्यापेक्षा पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदम पुढे जा. डोणज्यावरून सिंहगडाचा घाट चढताना 'एम' म्हणजे मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरून ठेवा. जळका वास आला तर बाजूला थांबून क्लच थंड होऊ द्या.

आणि क्लच प्लेट ही झिजणारी वस्तू मानली जाते. त्यामुळे झिजेमुळे ती गेली तर सहसा वॉरंटीत बसत नाही, खर्च मालकाच्याच खिशातून जातो.

उतारावर न्यूट्रल नको

कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार धायरीकरांना सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच उतारावर एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली होती. पेट्रोल वाचवायला उतारावर 'एन' टाकला की इंजिनचा ब्रेक मिळत नाही, सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. एएमटीत 'एम' टाकून खालच्या गिअरमध्येच उतरा.

पार्किंगचंही लक्षात ठेवा. बऱ्याच एएमटी गाड्यांत 'पी' नसतो. गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करायची आणि हँडब्रेक ओढायचा.

जुनी एएमटी घेताय?

मॅन्युअल गाडीत क्लच झिजला की पेडलवरून अंदाज येतो. इथे पेडलच नाही, म्हणून चाचणी नीट घ्या.

१. गाडी रात्रभर बंद असताना सकाळी बघायला जा. थंड इंजिनवर पहिला आणि रिव्हर्स गिअर अडखळत पडतोय का, ते पाहा.

२. सपाट रस्त्यावरच्या चकरेवर समाधान मानू नका, चढावर थांबवून परत उचला. इंजिनचा आवाज वाढतोय पण गाडी तेवढी पळत नाही, म्हणजे क्लच घसरतोय.

३. गिअरचा दिवा लागतोय का ते पाहा आणि बॅटरी तपासा. अ‍ॅक्च्युएटर विजेवर चालतो, बॅटरी कमजोर असेल तरी गिअर अडकू शकतो.

४. क्लच बदलला असेल तर बिल मागा. नवा क्लच बसवल्यावर स्कॅनर लावून तो संगणकाला नव्याने ओळखून द्यावा लागतो. हे न करता काम उरकलं असेल तर झटके तसेच राहतात.

रोजचा प्रवास ट्रॅफिकचा असेल, बजेट मर्यादित असेल आणि पाय जरा जपून वापरायची तयारी असेल, तर एएमटी उपयोगाची आहे. घरासमोर खडा चढ असेल, तर गाडी घेण्याआधी टेस्ट ड्राइव्ह त्याच चढावर घ्या.