बऱ्या झालेल्यांची वेदना

३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये फॅनी बर्नी या इंग्रज कादंबरीकर्तीच्या स्तनावर कर्करोगाच्या निदानावरून शस्त्रक्रिया झाली. शस्त्रवैद्य होते नेपोलियनच्या सैन्यातले प्रख्यात बॅरन लारे. ईथरची भूल यायला अजून पस्तीस वर्षे होती. बर्नीला मिळाले ते थोडेसे मद्ययुक्त पेय. ती वाचली आणि १८४०पर्यंत जगली. बहीण एस्थर हिला तिने लिहिलेले दीर्घ पत्र साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक असते, ते बहुधा त्यातल्या शस्त्रक्रियेच्या थरारक वर्णनामुळे. आमचे लक्ष मात्र त्यातल्या दुसऱ्याच नोंदीकडे जाते. पत्र पुरे व्हायला कित्येक महिने लागले. त्या प्रसंगाविषयी बोलू जाताच तो पुन्हा भोगावा लागतो, लिहिताना डोके दुखू लागते आणि लिहिलेले परत वाचण्याचे धैर्य होत नाही, असे ती सांगते. म्हणजे शस्त्र केव्हाच बाजूला ठेवले गेले होते. दुखणे संपले नव्हते.

या उरलेल्या दुखण्याला वैद्यकाने फार उशिरा दखलपात्र मानले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉल्स्टेड यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढले जात. काखेतून दंडाकडे जाणारी संवेदनेची नस दुखावली की जखम भरल्यावरही आग, बधिरता आणि चमका वर्षानुवर्षे राहतात. पुढे किरणोपचार आले, तळहात-तळपायांच्या नसांना इजा करणारी काही रासायनिक औषधे आली. रुग्ण जगू लागले आणि हे दुखणे घेऊन जगू लागले. त्यांना मिळणारे उत्तर ठरलेले असे : गाठ गेली ना, मग आता मनाचेच खेळ! हे उत्तर आजही सर्वस्वी नाहीसे झालेले नाही.

या उत्तराला तडा गेला तो, आमच्या मते, दोन ठिकाणी. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी असे मांडले की, वेदनेचा संदेश मज्जारज्जूतल्या एका ‘दारा’तून जातो, आणि ते दार किती उघडावे यावर मेंदूकडून उतरणारे संदेशही, म्हणजे लक्ष, भीती, पूर्वस्मृती, परिणाम करतात. तपशील पुढे बदलले. पण ‘शरीराचे की मनाचे’ हा प्रश्नच चुकीचा ठरला. दुसरी घटना आम्हां साहित्यवाल्यांच्या अधिक जवळची. मेल्झॅक हे रुग्णांच्या तोंडचे शब्द जमवीत असत. १९७१ साली टॉर्गरसन यांच्यासह त्यांनी १०२ शब्दांचे वर्गीकरण केले. १९७५ साली त्यातून मॅक्गिल प्रश्नावली सिद्ध झाली, ७८ विशेषणे आणि २० गट. काही शब्द संवेदनेचे, काही भावनेचे, काही मूल्यमापनाचे. मानसशास्त्रज्ञाने कोशकाराचे काम करावे, हा प्रकार विलक्षणच म्हणायचा. एरवी बाजूला सारले जाणारे रुग्णाचे बोलणे आता मोजमापाचे साधन झाले.

मानसोपचाराचा परिणामही तपासला गेला. १९८३ साली अमेरिकेत डेव्हिड स्पीगल आणि जोन ब्लूम यांनी स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना वर्षभर गटोपचार दिला होता, त्यांतल्या काहींना स्वसंमोहनही शिकवले होते. या स्त्रियांची वेदना आणि तिचा जाच, दोन्ही इतरांहून कमी राहिली. दुखण्याची वारंवारता आणि कालावधी मात्र बदलला नाही. हा तपशील आम्हांला फार प्रामाणिक वाटतो.

पण त्या स्त्रियांचा रोग चालू होता. बरे झालेल्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या बाबतीत प्रत्येक शिणक एक प्रश्न घेऊन येते : परत आला का? ही भीती लक्षाला वेदनेवर खिळवून ठेवते, हात हलवणे टाळले जाते, खांदा आखडतो, दुखणे वाढते. दशकानुदशके जगायचे असताना केवळ अफूजन्य औषधांवर विसंबणेही धोक्याचे. म्हणून उपचारक इथे वेदना ‘घालवण्या’चे वचन देत नाही, शिणकेचा लावलेला अर्थ तपासायला आणि थोडे थोडे करून हालचाल वाढवायला शिकवतो. (नव्या दुखण्याची तपासणी डॉक्टरकडून आधी व्हायलाच हवी, हे वेगळे सांगायला नको.) डेन्मार्कमधल्या आर्हुस येथे स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपूनही दुखणाऱ्या १२९ स्त्रियांवर झालेला प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. सजगतेवर आधारलेल्या आठ आठवड्यांच्या बोधनोपचाराने वेदनेची तीव्रता कमी झाली. मोजायला जी साधने वापरली, त्यांत मॅक्गिल प्रश्नावलीची लघु आवृत्ती होती. अशा उपचारांचा लाभ सर्वसाधारण दीर्घकालीन वेदनेत सरासरीने अल्पच असतो, हेही नोंदवले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात कर्करोगाच्या उपचारांनंतरच्या दीर्घकालीन वेदनेला स्वतंत्र नाव मिळाले. बर्नीच्या पत्रानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी!

त्या ७८ शब्दांत एक विशेषण ‘शिक्षा करणारी’ अशा अर्थाचे आहे. इंग्रजी ‘पेन’ या शब्दाचे मूळच लॅटिनमधल्या दंडवाचक शब्दात आहे. आमची ‘वेदना’ निघते ती ‘विद्’पासून, जाणण्यापासून. ठणका, ठसठस, कळ, तिडीक, सल यांना त्या यादीत जागा सापडेल. पण किरणोपचार संपवून घरी आलेली बाई दंड चोळत ‘माझे भोग’ म्हणते, तेव्हा तो शब्द संवेदनेच्या गटात टाकायचा, भावनेच्या की मूल्यमापनाच्या?