घरापुढे आणि यापुढे

गोंदियाच्या शाळेत शब्दयोगी अव्यये शिकवताना मी सांगतो, ‘घरापुढे’ ही जागा, ‘यापुढे’ हा काळ. मराठीला येणारा काळ पुढे दिसतो, गेलेला मागे.

पोलिश, रशियन, जर्मन आणि ज्यू यांच्या भांडणांत वाढलेल्या डॉ. झामेनहॉफ या नेत्रवैद्याने १८८७ साली वॉर्सात एस्पेरांतो ही स्वतः रचलेली भाषा प्रसिद्ध केली. तीत ‘आन्ताऊ’ म्हणजे घरापुढे. पण काळाला लावताच तो होतो ‘पूर्वी’! कोणतेच अव्यय बसेना, तर ‘ये’ वापरावे, अशी उदार सोयही त्याने ठेवली. भाषा एक झाली की माणसे जुळतील, ही त्याची आशा.

तो १९१७ साली वारला. नाझींनी १९४० साली त्याचा मुलगा मारला, १९४२ साली दोन्ही मुली. वाचकहो, भाषा मात्र मागे उरली, आणि आजही बोलली जाते. ‘मागे’चा हा अर्थ वर्गात शिकवायचा माझ्याकडून राहूनच गेला होता.